संभाव्य आवार

जवाचं शेत वरून पाहिलं की आधी दिसतात त्या ट्रॅक्टरच्या चाकांच्या जोडरेघा. या बांधापासून त्या बांधापर्यंत, ठरावीक अंतरावर, सरळ. फवारणीचा ट्रॅक्टर दरवेळी त्याच वाटेने जातो, त्यामुळे तेवढी जागा उघडीच राहते. त्या रात्री उपग्रहाचं चित्र मोठं करत मी या रेघांवरून नजर फिरवत होते, आणि त्यांना अजिबात न जुमानता तिरकी जाणारी एक गडद हिरवी पट्टी दिसली. थोडी पुढे जाऊन ती वळली. कोपरा टोकदार नव्हता, गोलसर होता. मग पुन्हा सरळ, पुन्हा एक वळण. तीन बाजू स्पष्ट होत्या, चौथी शेजारच्या झाडीखाली गडप झालेली. पूर्वेच्या बाजूला पट्टी मध्येच तुटली होती, आणि तुटलेल्या जागेच्या दोन्ही टोकांना ती किंचित जाड झाली होती.

फाटक. माझ्या तोंडून शब्द बाहेर पडला तेव्हा घरात कुणी जागं नव्हतं.

हे शेत दक्षिण इंग्लंडमध्ये, खडूच्या दगडाच्या उतारावर आहे. नेमकं कुठे ते सांगणार नाही, कारण मेटल डिटेक्टर घेऊन रात्री शेतात शिरणारे लोक तिथे खरोखर आहेत. चित्र २०१८ च्या उन्हाळ्यातलं. त्या वर्षी तिथला जून-जुलै इतका कोरडा गेला की गवताळ मैदानं खाकी पडली आणि जमिनीखाली काय काय पुरलंय ते पिकांनी वर आणून दाखवलं.

यामागची गोष्ट तशी साधी आहे. कुणीतरी कधीतरी एक खंदक खणला. जागा सोडून दिल्यावर तो हळूहळू भरत गेला: कडेची ढासळलेली माती, वाहून आलेला गाळ, पालापाचोळा, राख. भरून सपाट झाला, वर नांगर फिरला, आणि डोळ्यांना दिसेनासा झाला. पण आजूबाजूला हातभर खाली कडक दगड लागतो आणि या जागी मात्र पुरुषभर खोल भुसभुशीत माती आहे. पाऊस बरा असेल तर पिकाला हा फरक कळत नाही, सगळीकडे वाफसा सारखाच. पाऊस ओढ देतो तेव्हा कळतो. वरच्या थरातली ओल संपते, उथळ मातीतलं पीक पिवळं पडू लागतं, आणि खंदकावरचं पीक मुळं खाली सोडून तिथली ओल ओढत राहतं. ते उंच वाढतं, जास्त दिवस हिरवं राहतं, उशिरा पिकतं. खाली खंदकाऐवजी भिंतीचा पाया असेल तर उलट घडतं: मुळांना जागाच नाही, पीक खुरटतं आणि सर्वांच्या आधी वाळतं. म्हणजे हिरवी रेघ बहुधा खणलेल्या जागेची आणि पिवळी रेघ बांधलेल्या जागेची. जव आणि गहू ही खूण सर्वांत चांगली दाखवतात. गवत फार ताण पडल्याशिवाय काही सांगत नाही.

विमानं येण्याच्या कितीतरी आधी हे काहींच्या लक्षात आलं होतं. केंटमधल्या रिचबरोच्या रोमन ठाण्यात धान्य जिथे विरळ उगवतं तिथे जुने रस्ते एकमेकांना छेदत गेलेले दिसतात, असं जुन्या वास्तूंचे अभ्यासक विल्यम कॅम्डेन यांनी लिहून ठेवलं. तिथले लोक त्या फुलीला संत ऑगस्टिनचा क्रूस म्हणत. १७१९ मध्ये विल्यम स्टकली यांना ग्रेट चेस्टरफर्ड इथे उभ्या पिकात एका रोमन देवळाचा नकाशा कागदावर काढावा इतका स्वच्छ दिसला. मला या दोघांचं फार कौतुक वाटतं. जमिनीवर उभं राहून त्यांनी ते ओळखलं, आणि ते किती अवघड आहे हे मी स्वतः अनुभवलं आहे.

पहिल्या महायुद्धात हवाई निरीक्षक म्हणून काम केलेले ओ. जी. एस. क्रॉफर्ड १९२० मध्ये ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या नकाशा-संस्थेचे पहिले पुरातत्त्व अधिकारी झाले. हवाई दलाच्या जुन्या छायाचित्रांत त्यांना स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळाकडे जाणाऱ्या मार्गाचा, ‘ॲव्हेन्यू’चा, हरवलेला तुकडा सापडला आणि १९२३ मध्ये खणून त्यांनी त्याची खातरी करून घेतली. गालिच्याची उपमा त्यांचीच. गालिच्यावर बसलेल्या मांजराला रंगांचे नुसते पट्टे दिसतात, उभ्या माणसाला त्यातली वेलबुट्टी दिसते. गालिचा तोच असतो. आपण सगळे मांजराच्या उंचीवर वावरतो, म्हणून पायाखालचं आपल्याला कळत नाही.

आणि मग वुडहेंज. १९२५ मध्ये स्क्वॉड्रन लीडर गिल्बर्ट इन्सॉल स्टोनहेंजच्या परिसरावरून उडत होते. महायुद्धात शौर्यासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला हा वैमानिक. नांगरलेल्या शेतात त्यांना एक मोठं वर्तुळ दिसलं आणि आत खडूचे पांढरे ठिपके. नकाशावर त्या जागेची नोंद एक झिजलेला दफनाचा उंचवटा अशी होती. पुढच्या उन्हाळ्यात, १९२६ च्या जुलैत, तिथे गहू उभा राहिला आणि शंकेला जागाच उरली नाही: ठिपक्यांची एकात एक अशी कितीतरी कडी गव्हात उमटली होती. मॉड कनिंग्टन आणि त्यांचे पती बेन यांनी उत्खनन केलं तेव्हा प्रत्येक ठिपका लाकडी खांबाचा खड्डा निघाला. सहा लंबवर्तुळं, भोवती खंदक. लाकूड चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं, केव्हाच कुजून गेलेलं. शिल्लक होती ती खड्ड्यांतली वेगळी माती, आणि तिच्यावर पोसलेला गहू.

तिथे मी गेले आहे. स्टोनहेंजपासून साधारण तीन किलोमीटरवर, फारशी गर्दी नसलेलं ठिकाण. खांबांच्या जागी आता काँक्रीटचे बुटके खांब रोवले आहेत, खालच्या खड्ड्याच्या आकाराप्रमाणे कुठे जाड, कुठे बारीक. बघायला ते देखणे नाहीत. पण मी त्यांच्यामध्ये बराच वेळ उभी होते. एका माणसाने वरून ठिपके पाहिले, ते टिपून ठेवले, पुढच्या पिकाची वाट पाहिली, आणि आज त्या प्रत्येक ठिपक्यावर हात ठेवता येतो, हे मला फार मोठं वाटत होतं.

त्याच प्रवासात, २०१८ च्या जुलैत, एका जवाच्या शेतातून जाणाऱ्या पायवाटेवर मी मुद्दाम गेले. तिकडे शेतांतून जाणाऱ्या अशा वाटांवर कुणालाही चालता येतं. एका हवाई छायाचित्रात या वाटेला एक वर्तुळाकार चर दोनदा ओलांडून जातो हे मी पाहून ठेवलं होतं. वाटेवर मात्र काही म्हणजे काही दिसेना. दोन्ही बाजूंना वाळलेला जव, वारा आला की खुळखुळणारा. मी पुढे गेले, मागे आले. शेवटी बघणं सोडून दिलं आणि हात बाजूला पसरून कुसळांवरून तळवा फिरवत चालू लागले. एका जागी कणसं तळव्याला वर ढकलू लागली. वीतभराचा फरक असेल. तीन पावलं ती तशीच उंच राहिली आणि पुन्हा खाली गेली. मी थांबून वाटेवर झुकलेलं एक कणीस हातात घेतलं. आधीच्या जवाचा दाणा दातांना कडक लागला होता. हा नखाने दाबला तर चिकात होता, पांढरा थेंब बाहेर आला. जून महिना कोरडा गेलेल्या शेतात, तीन पावलांच्या पट्टीत, दाणा अजून चिकात. त्या चिकातलं पाणी ज्या खळग्यातून आलं तो खळगा बहुधा ब्राँझयुगातल्या एखाद्या दफनाभोवती कुणीतरी हरणाच्या शिंगाच्या कुदळीने खणलेला असणार. खाली वाकून पायापाशी पाहिलं, माती दोन्हीकडे सारखीच दिसत होती.

यानंतर छायाचित्रांकडे पाहण्याची माझी पद्धत बदलली. आधी मी आकार शोधत होते. आता माती आणि पाणी शोधू लागले.

तरी आकारांची ओळख हवीच. नवाश्मयुगातली मोठी आवारं, म्हणजे खंदकाने वेढलेल्या जागा, अखंड खंदकाची नसतात. इ. स. पू. ३७०० च्या आसपास लोकांनी ती तुकड्यातुकड्यांनी खणली, मध्ये मध्ये जमीन तशीच सोडून, त्यामुळे वरून ती मण्यांच्या सैल माळेसारखी दिसतात. रोमन छावणी लगेच ओळखू येते, पत्त्याच्या पानासारखी, कोपरे गोल, बाजू काटेकोर. लोहयुगातल्या शेतकऱ्यांची आवारं त्या मानाने घरगुती: एक बाजू जरा लांब, एक कोपरा जरा फाकलेला, आत कधी गोल झोपडीभोवतीच्या चराचं बारीकसं कडं. लोहयुगातल्या गोल घरांचं दार पुष्कळदा पूर्वेला किंवा आग्नेयेला असतं. आवाराच्या तोंडाचंही अनेकदा तसंच. म्हणून तर त्या रात्री पूर्वेकडची फट पाहून माझा श्वास अडकला.

पण आकारावरून काळ सांगता येत नाही. अंदाज करता येतो, तोही कुठेतरी खणलेल्या सारख्या आकाराच्या जागेच्या भरवशावर. चौकोनी आवार लोहयुगातलं असू शकतं, रोमन काळातलं असू शकतं, मध्ययुगातला गुरांचा वाडाही असू शकतो. छायाचित्रं वाचणारी जाणती माणसं म्हणूनच नोंदीत एक शब्द फार जपून वापरतात: संभाव्य. संभाव्य आवार, संभाव्य प्रवेशद्वार, काळ अनिश्चित. सुरुवातीला हा शब्द मला पळवाट वाटायचा. दिसतंय ना, मग ठामपणे सांगून टाका की. तो शब्द किती कष्टाचा आहे हे मला एका चुकीने शिकवलं.

चित्रं बघायला लागल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात पूर्व इंग्लंडमधल्या एका शेतात मला एक सुंदर वर्तुळ सापडलं होतं. नीट गोल, एका बाजूला फट, आणि जवळच तशीच दोन लहान वर्तुळं. मी त्याला मनातल्या मनात दफनभूमी करून टाकलं. आठवडाभर मी त्याच्याविषयी वाचत होते, जवळचे ज्ञात उंचवटे नकाशावर जोडत होते, नदीपासूनचं अंतर मोजत होते. सगळं जुळत होतं, कारण मी जुळवत होते. मग दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचच रॉयल एअर फोर्सने घेतलेलं त्याच भागाचं छायाचित्र पाहायला मिळालं. त्यात ती वर्तुळं जमिनीवर उघडी होती, ताज्या मातीचे बांध, मध्ये खळगे, शेजारी छपरं आणि गाडीवाट. शोधदिव्यांचं ठाणं. शत्रूची विमानं हुडकायला आकाशात झोत टाकणारे दिवे बसवण्यासाठी तो बांध घातला होता.

मला फार वाईट वाटलं, आणि वाईट कशाचं वाटलं हे समजायला आणखी काही दिवस गेले. मी शेताला बोलूच दिलं नव्हतं. ते १९४० च्या दशकातल्या रात्रींबद्दल सांगत होतं, त्या बांधाआड थंडीत मान वर करून उभ्या असलेल्या पोरांबद्दल, आणि मी त्याच्यावर चार हजार वर्षं लादत होते. जणू कमी जुनं असणं ही त्या जागेची उणीव होती.

तेव्हापासून मी आधी नाकारायला शिकले. ही पाण्याची किंवा गॅसची नळी आहे का? मग रेघ मैलभर सरळ जाईल. काढून टाकलेला बांध आहे का? मग तो एकोणिसाव्या शतकातल्या नकाशात सापडेल. हिमयुगात जमीन गोठून तडकली, त्या भेगा भरल्या आणि त्यांचंही जाळं पिकात उमटतं, पण ते वाळलेल्या तळ्याच्या चिखलासारखं बहुकोनी असतं. बुजलेला नदीचा फाटा रुंद आणि वळणावळणाचा दिसतो. खत टाकताना झालेली चूक यंत्राच्याच दिशेने जाते. वाऱ्याने लोळलेलं पीक वेगळं, बुरशीने उमटवलेलं कडं वेगळं, घोडा गोल फिरवून पडलेली वाट वेगळी. आणि सर्वांत उपयोगाचा प्रश्न: ही रेघ आजच्या कुंपणाशी येऊन थांबते, की कुंपणाखालून पलीकडच्या शेतात निघून जाते? पलीकडे गेली तर निदान इतकं नक्की की खणणाऱ्याच्या वेळी ते कुंपण नव्हतं.

या सगळ्यात एक गोष्ट मला अजूनही अस्वस्थ करते. पिकात खूण उमटते कारण जमिनीवरचं सगळं गेलेलं असतं. खंदकातून काढलेल्या मातीचा बांध आतल्या बाजूला उभा होता, तो नांगराने सपाट केला. बांध शाबूत असता तर तिथे पीक आलंच नसतं आणि वरून शोधायची वेळही आली नसती. ज्या नांगराने जागा पुसली, त्याच्याच मागून आलेल्या पेरणीने ती आपल्याला दाखवली, आणि तोच नांगर दरवर्षी आणखी थोडं खरवडतो. घराचा उथळ चर आधी जातो, चुलीची जागा जाते. खोल खंदक शेवटपर्यंत टिकतो. म्हणून छायाचित्रात आवार ठसठशीत आणि आत काहीच नाही असं दिसतं, तेव्हा आत कुणी राहत नव्हतं असा निष्कर्ष मी काढत नाही. राहत्या घराच्या खुणाच उथळ असतात.

तशीच दुसरी फसगत कोऱ्या जागांची. खडू, वाळू, नदीकाठची खडी, अशा निचऱ्याच्या जमिनीत खुणा भरभरून दिसतात, चिकणमाती ओल धरून ठेवते म्हणून गप्प राहते. जुन्या नकाशांवर सगळी वस्ती हलक्या जमिनीवर एकवटलेली दिसायची आणि जड जमीन ओसाड. प्रत्यक्षात ती ओसाड नव्हती, तिला तहान लागत नव्हती इतकंच. त्यात पुन्हा चर असलेल्या शेतात योग्य वर्षी योग्य पीक हवं, आणि नेमक्या त्या दहा-पंधरा दिवसांत कुणीतरी वरून जायला हवं.

कधी हे सगळं जुळतं. जर्मनीत गोझेक इथे ओटो ब्राश या वैमानिकाने १९९१ मध्ये पिकातलं एक कडं टिपलं. उत्खननात ते इ. स. पू. ४९०० च्या सुमाराचं निघालं: सुमारे ७५ मीटर व्यासाचा खंदक, आत लाकडी कुंपण, आणि तीन दारांपैकी दोन हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सूर्योदयाकडे आणि सूर्यास्ताकडे रोखलेली. आयर्लंडमध्ये न्यूग्रेंज या प्राचीन थडग्याजवळ २०१८ च्या त्याच जुलैत अँथनी मर्फी आणि केन विल्यम्स यांनी ड्रोन वर पाठवले, आणि जगातल्या सर्वांत जास्त अभ्यासलेल्या दऱ्यांपैकी एकीत एक अख्खं अज्ञात वर्तुळाकार आवार पडद्यावर आलं. इतकी वर्षं माणसं त्याच्यावरून चालत होती.

माझ्या शेताकडे परत येते. मी ते माझं म्हणते, इतकाच माझा त्याच्यावर हक्क. ती पट्टी सापडल्यावर मी तीन महिने ती खोडून काढायचा प्रयत्न केला. एकोणिसाव्या शतकातल्या नकाशात तिथे बांध नाही. युद्धानंतरच्या छायाचित्रात बांधकाम नाही, नुसतं गवत. भूगर्भाच्या नकाशावर खडूचा दगड, नदीचा जुना फाटा नाही. पश्चिमेची बाजू झाडीखाली जाते ती पलीकडे बाहेर येत नाही, म्हणजे ती तिथेच वळत असावी. लांबी-रुंदी मोजली तर साधारण साठ मीटर बाय पन्नास. आत आग्नेय कोपऱ्याजवळ एक पुसट गोल आहे, दहाएक मीटरचा. तो मला काही दिवस दिसतो आणि काही दिवस दिसत नाही, म्हणून तो मी मोजमापांत धरला नाही. या एका गोष्टीवर मी स्वतःशी फार भांडले. गोल धरला तर घर होतं. घर झालं की चूल, मुलं, दारातून येणारं सकाळचं ऊन, सगळं मला हवं तसं मांडता येतं. गोल सोडून दिला तर हातात राहतो तीन बाजूंचा खंदक आणि एक फट.

त्या भागाच्या पुरातत्त्व नोंदवहीकडे मी एवढंच कळवलं: तीन बाजू, गोलसर कोपरे, पूर्वेला फट, चित्राची तारीख, मी तपासलेल्या गोष्टी. पुसट गोलाबद्दल वेगळ्या ओळीत लिहिलं की खातरी नाही. काही आठवड्यांनी उत्तर आलं, सविस्तर आणि मायेचं. त्यांनी त्यांच्याकडची, विमानातून तिरक्या कोनात घेतलेली छायाचित्रं काढून पाहिली होती. दोनांत काही नव्हतं, तिसऱ्यात उत्तरेची बाजू पुसटशी होती. फाटकाबद्दल मी धरलेला अर्थ त्यांना पटण्यासारखा वाटला, पण फटीजवळचा जाडपणा चाकांच्या वाटेमुळेही दिसू शकतो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता नोंदीत ते आहे: संभाव्य आवार, पिकातल्या खुणेवरून, काळ अनिश्चित. गोलाचा उल्लेख नाही.

त्या शेताची नंतरची जितकी चित्रं आली तितकी मी पाहिली. एका वर्षी वाटाणा होता, एका वर्षी तेलबियांची पिवळी फुलं, दोन वर्षं गवत आणि त्यावर मेंढ्यांचे पांढरे ठिपके. पट्टी कुठेच नाही. मधल्या एका चित्रात गहू होता, पण त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता आणि शेत या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं हिरवं होतं. मी बराच वेळ पूर्वेच्या बाजूला ती फट शोधत बसले होते.

यंदा तिथे काय पेरलंय ते अजून कळलेलं नाही.